धुतलेल्या कपड्यांची खुर्ची

तुझा प्रश्न वाचला. घोडबंदर रोडला चौदाव्या मजल्यावर टू बीएचके, थोरला चार वर्षांचा, धाकटी सात महिन्यांची. २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा संपून गेल्या महिन्यात तुझं काम पुन्हा सुरू झालं, तेही घरूनच, त्यामुळे सगळ्यांना वाटतं की तू घरीच तर असतेस. नवरा रात्री साडेआठला येतो. मावशी भांडी आणि केर-लादी करून जातात, कपडे तुझ्याकडे. रोज मशीन लावतेस, तरी बेडरूममधली खुर्ची पावसाळा सुरू झाल्यापासून कुणी रिकामी पाहिलेली नाही. खाली व्हॅनवाला हॉर्न मारत असताना थोरल्याचा दुसरा मोजा त्या ढिगात शोधायचा, हे रोजचं झालंय. म्हणून विचारलंस, ड्रायर घेऊ का? आणि शेवटी एका ओळीत, जरा दबकतच, बाकीच्यांना हे जमतं कसं?

तुझ्याएवढी माझी मुलगी आहे, म्हणून एकेरीत लिहिते. चालेल ना?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते सोपं आहे. जमत नाही. डोंबिवलीत मी २२ वर्षं पाळणाघर चालवलं, रोज चौदा-पंधरा मुलं. आयांनी सकाळी दिलेल्या पिशव्या उघडल्या की कुणाच्या घरी काल काय झालं ते मला कळायचं. अर्धवट वाळलेलं झबलं, दोन वेगळ्या जोडांचे मोजे, एकदा तर बाळाच्या कपड्यांऐवजी नवऱ्याच्या दोन बनियन. ती पिशवी आणणारी बाई बँकेत अधिकारी होती आणि साडीची एक निरी इकडची तिकडे नसायची. तेव्हा लिफ्टमध्ये भेटणाऱ्या टापटीप बायकांवरून त्यांच्या खुर्च्यांचा अंदाज बांधू नकोस.

आता मूळ प्रश्न. तुला वाटतंय धुणं मागे पडतंय. पण तूच लिहिलंयस की खुर्चीवरचे कपडे धुतलेले आहेत. म्हणजे धुणं वेळेवर होतंय, ते मशीन करतंय. अडतंय ते त्याच्या पुढे, वाळण्यात आणि घडीत. आणि तू करतेयस काय, तर मागे पडलं असं वाटून मशीन आणखी एकदा लावतेयस. तुंबलेल्या मोरीत आणखी एक बादली ओतावी तसं.

मलाही हे पाळणाघराच्या तिसऱ्या पावसाळ्यात कळलं. तोवर मी मळक्या कपड्यांच्या टोपलीकडे बघून धुणं काढायची. टोपली भरली की भिजवलं. त्या जुलैत सगळी दुपटी ओली, मुलं झोपायची वेळ, आणि मी इस्त्री घेऊन एकेक दुपटं वाळवत बसले होते. त्या संध्याकाळी वहीत हिशोब मांडला. तसाच तुझा मांडून बघू.

तू चौघांचं लिहिलंयस. बाळाची झबली-चड्ड्या आठ-दहा, दुपटी आणि लाळेरी मिळून सहा, थोरल्याचा गणवेश, घरचे कपडे आणि चड्ड्या मिळून सहा-सात, तुम्हा दोघांचे मिळून आठ, वर टॉवेल. रोजचे तीस नग धरू. पावसाळ्यात बंद बाल्कनीत एक कपडा नीट वाळायला दोन दिवस लागतात. म्हणजे कुठल्याही क्षणी तुझ्या दांड्यांवर साठ नग हवेत. तुझ्या छताला पाच-पाच फुटांच्या सहा दांड्या आहेत, एकूण तीस फूट. मोठ्यांचा शर्ट पसरून घातला तर दोन फूट खातो, दुपटं दोन-अडीच, झबलं एक. किती मावतात? फार तर वीस-पंचवीस. उरलेल्या निम्म्याहून अधिक कपड्यांनी जायचं कुठे? आधी दारावर, मग पलंगाच्या कठड्यावर, आणि जरा दमट राहिले तरी ‘वाळलेच आहेत’ म्हणून खुर्चीवर. त्या खुर्चीचं कारण तुझा आळस नाही, साधी वजाबाकी आहे.

म्हणून माझा नियम एकच, टोपली बघून धुवायचं नाही, दांडी बघून धुवायचं. दांडीवर जेवढी जागा मोकळी, तेवढेच कपडे मशीनमध्ये. मळके कपडे कोरडे असतील तर दोन दिवस टोपलीत पडून राहिल्यानं काही बिघडत नाही. ओले कपडे ढिगात पडले तर बारा तासांत वास मारतात आणि पुन्हा धुवावे लागतात. हे पुन्हा धुणं किती होतं ते एक आठवडा मोजून बघ. माझ्याकडे पाचातला एक घाणा पुन्हा धुण्याचा निघाला होता.

एवढं धरून चाललं की करायच्या गोष्टी तीनच उरतात. नग कमी करणं, वाळणं लवकर करणं, जागा वाढवणं. ड्रायर त्यातला एक उपाय आहे आणि सगळ्यात महाग, म्हणून त्याच्याकडे शेवटी येऊ.

नग कमी करायची सुरुवात टॉवेलपासून कर. जाड टर्किश टॉवेल थंडीत छान. पावसाळ्यात तो तीन दिवस ओला राहतो आणि दोन शर्टांची जागा अडवतो. जून ते सप्टेंबर घरात पंचे वापर, साधे सुती, विरळ विणीचे. पंख्याखाली दोन-तीन तासांत वाळतात. तोच न्याय दुपट्यांना. बाळंतविड्यात आलेली फ्लॅनेलची गुबगुबीत दुपटी आता कपाटात जाऊ देत आणि जुन्या धोतराची किंवा सुती साडीची काढ. कुणाच्या तरी घरी नऊवार पडलेलं असतंच, आईला विचार. एका साडीत आठ-दहा आरामात होतात, मऊ असतात आणि चटकन वाळतात. दुपट्याखाली मेणकापड घातलं की गादी आणि चादर वाचते. चादर वाचणं फार मोठं आहे, कारण डबलबेडची एक चादर तुझी एक अख्खी दांडी खाते आणि तिच्याखालचे कपडेही वाळू देत नाही.

बाळाचे कपडे दिवसातून चार वेळा बदलावे लागतात ते बहुधा लाळेमुळे आणि वरणभातामुळे. लाळेरं बदल, झबलं नको. भरवताना छातीवर पंचा बांध. थोरला शाळेतून आला की गणवेश काढून लगेच हँगरवर. मातीत लोळला नसेल तर दुसऱ्या दिवशी तोच चालतो, कॉलर आणि बाह्यांच्या कडा तेवढ्या ओल्या फडक्यानं पुसायच्या. तुमच्या जीन्स पावसाळ्यात महिन्यातून दोनदा धुतल्या तरी कुणाला कळत नाही.

आणि कपड्यांची संख्या. मुलांकडे जितके जास्त कपडे तितका ढीग मोठा होईपर्यंत आपल्याला तो दिसत नाही. चार वर्षांच्या मुलाला घरात घालायला सहा जोड पुरे. बाकीचे पिशवीत भरून माळ्यावर टाक आणि आलटून पालटून काढ. माळ्यावर किंवा ट्रंकेत ठेवताना डांबराच्या गोळ्या मात्र घालू नकोस. आपल्याकडे थोरल्याचे कपडे धाकट्याला येतात, ते बरेचदा याच गोळ्यांतून निघालेले असतात. काही बाळांत जी-६-पी-डी नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असते, आणि अशा बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी या गोळ्यांमुळे फुटून कावीळ होऊ शकते. आपल्या बाळात ती आहे की नाही हे बहुतेकांना माहीत नसतं. असे कपडे असतील तर धुऊन, दोन दिवस चांगले उन्हा-वाऱ्यात टाकून मगच घाल. कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा वेखंडाच्या कांड्यांनी काम भागतं.

आता वाळवणं. यात सगळ्यात जास्त फरक पडतो आणि खर्च जवळजवळ नाही. मशीनचं काम संपलं की फक्त स्पिन आणखी एकदा लाव. पहिल्या पिळण्यानंतरही नळीतून पाणी निघतं, ते बघून तुलाच आश्चर्य वाटेल. मग शर्ट, टी-शर्ट, कुर्ते, गणवेश हे सगळे दांडीवर पसरायचे नाहीत, हँगरला घालून हँगर दांडीला अडकवायचा. पसरलेला शर्ट दोन फूट जागा घेतो, हँगरवरचा जेमतेम चार बोटं, वर आणखी चार बोटं वाऱ्याला सोडायची. पाच फुटांच्या दांडीवर आठ शर्ट. म्हणजे वर जी वजाबाकी केली ती इथे फिरते. झबली, मोजे, चड्ड्या, लाळेरी यांना ते चिमटे लावलेलं गोल हँगर मिळतं, एकावर वीस-चोवीस नग लटकतात. असली दोन घेतलीस की बाळाचं सगळं धुणं एका कोपऱ्यात. लहान मापाचे हँगर डझनभर आण, मोठ्या हँगरवर झबल्याचा गळा ताणतो.

पंखा हवा. बंद बाल्कनीत कपडे उबट हवेत नुसते लोंबत असतात. दमट हवेत उष्णतेपेक्षा वारा जास्त काम करतो, म्हणून एक साधा टेबलफॅन खालून तिरका लाव आणि समोरची एक खिडकी बोटभर उघडी ठेव. माझ्या पाळणाघरात जुना खडखडणारा टेबलफॅन होता, मुलं त्याला हेलिकॉप्टर म्हणायची. त्यानं बावीसातले निदान पंधरा पावसाळे काढले. जाड कपडे उलटे करून, कमरेचा भाग वर. काठ आणि खिसे दमट राहिले तर तेवढ्यावर इस्त्री फिरव.

तुझ्या सोसायटीत कठड्याबाहेर कपडे घालायला मनाई आहे, ते चौदाव्या मजल्यावर बरंच आहे म्हणायचं. पण कठड्याच्या आत घडीचा स्टँड चालतो का ते विचारून घे. बहुतेक ठिकाणी चालतो. तिथे जागा वाढते ती मिळव.

हे सगळं केलं की ड्रायर लागतो का? परिस्थितीवर आहे. घरात खिडकीच नाही, किंवा कुणाला दमा आहे आणि ओल्या कपड्यांच्या दमटपणानं भिंतीला बुरशी धरते, तर मी घे म्हणेन. पण तू मशीन आणि ड्रायर एकत्र असलेलं मॉडेल बघतेयस, म्हणून दोन गोष्टी. एक, त्यावर लिहिलेलं मोठं वजन धुण्याचं असतं, वाळवण्याचं वेगळं आणि कमी. आठ किलो धुणारं बरेचदा पाचच किलो वाळवतं. म्हणजे पूर्ण भरलेलं मशीन ते वाळवू शकत नाही, काही कपडे बाहेर काढावे लागतात. शिवाय ते वाळवत असताना दुसरं धुणं लावता येत नाही. दोन, हीटर आला की मीटर पळतो. महावितरणचं बिल टप्प्यांत असतं, ३०० युनिटच्या वरच्या युनिटांचा दर चढा. आधीचं बिल काढून बघ, तू आत्ताच काठावर असशील तर दर महिन्याचा हिशोब वेगळा पडेल. मी असते तर आधी हँगर, गोल हँगर आणि टेबलफॅनवर एक पावसाळा काढला असता.

साबणाबद्दल थोडं, कारण तुमच्याकडे टँकरचं पाणी येतं असं लिहिलंयस. जड पाण्यात फेस होत नाही, म्हणून आपण पावडर वाढवतो, ती कपड्यात अडकते, टॉवेल पापडासारखा कडक होतो आणि बाळाची मान लाल होते. पावडर वाढवण्यापेक्षा बादलीत भिजवताना थोडा धुण्याचा सोडा घाल, पाणी नरम होतं. बाळाच्या कपड्यांना सॉफ्टनर नको. तो दुपट्याला गुळगुळीत करतो पण पाणी शोषू देत नाही, आणि दुपट्याचं काम तर तेच. बाळाचं वेगळं धुणं सात महिन्यांनंतरही चालू ठेवायलाच हवं असं मी मानत नाही. अंगावर पुरळ नसेल आणि कपड्यांना शी-शू लागलेली नसेल तर सगळ्यांत टाक. पुरळ असेल तर डॉक्टरांना विचार, मला नको.

डाग. दूध, रक्त, शी यांना आधी गार पाणी. गरम पाण्यानं ते धाग्यात पक्के बसतात. शी लागलेलं दुपटं जेटनं तिथल्या तिथे साफ करून मगच टोपलीत. वरणाच्या हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, घाबरू नकोस, हळद साबणाला तशीच वागते. दोनदा धू आणि डाग वर करून उन्हात टाक, हळदीला ऊन खातं. पावसाळ्यात ऊन नसेल तर तो कपडा तसाच वापरात ठेव, ऑक्टोबरात डाग आपोआप जाईल. शूचा उग्र वास येणाऱ्या कपड्यांवर ब्लीच ओतू नकोस. शूतल्या अमोनियाशी ते मिसळलं की घातक वायू तयार होतो, आणि तुमच्या बाथरूमला खिडकी असेल-नसेल.

आणि एक गोष्ट मी प्रत्येक आईला सांगायची, तुलाही सांगते. बाळ रांगायला लागलं की भिजवलेल्या कपड्यांची बादली जमिनीवर ठेवायची नाही. वीतभर पाण्यातसुद्धा बाळ बुडतं, आणि तोल गेला तर त्याला स्वतःहून डोकं वर काढता येत नाही. भिजवायचं असेल तेव्हाच भिजव, लगेच काढ, बादली पालथी कर. पुढून उघडणाऱ्या मशीनचं दार वास येऊ नये म्हणून किलकिलं ठेवावं लागतं हे खरं, पण मग बाथरूमचं दार बाहेरून कडी लावून. चार वर्षांच्या मुलाला ते दार म्हणजे रॉकेट वाटतं.

आता घडीकडे. तुझी खुर्ची खरी इथे तयार होते, कारण कपडे दांडीवरून काढून तू एका जागी टाकतेस आणि ‘मग बसून घड्या घालते’ म्हणतेस. सात महिन्यांचं बाळ घरात असताना बसून घड्या घालायची वेळ येत नाही. पाळणाघरात मी घड्या घालणं जवळजवळ बंद केलं होतं. वाळत घालतानाच माणशी एक दांडी. वाळले की एका दांडीचे कपडे उचलून थेट त्या माणसाच्या टोपलीत. चार उघड्या टोपल्या, झाकण नको, कप्पे नकोत. झबली, चड्ड्या, बनियन, घरचे कपडे, पंचे यांना घडी लागत नाही. दहा मिनिटांत अंगावर चुरगळायचेच असतात. हँगरवर वाळलेले शर्ट आणि गणवेश हँगरसकट कपाटात. घडी उरली ती फक्त चादरी, साड्या आणि नवऱ्याच्या पँटींना. मोज्यांचा जोड एका चिमट्यात धरून वाळत घाल आणि चिमट्यासकट टोपलीत टाक. व्हॅनवाल्याला हॉर्न मारायला कारण राहणार नाही.

थोरला यात उपयोगी पडतो, फक्त त्याच्या उपयोगाचा वेग आपण धरायचा नाही. दुपारच्या झोपेनंतर मी मुलांना चिमटे द्यायला बसवायची. एक तीन वर्षांचा मुलगा फक्त पिवळे चिमटे द्यायचा. पिवळे संपले की काम बंद, मग दांडीवरचे पिवळे काढून त्याला परत द्यायचे आणि तिथे हिरवे लावायचे. कामाला दुप्पट वेळ लागायचा, पण तेवढा वेळ तो दुसऱ्या कुणाला चावत नव्हता, आणि तो चावरा होता. तुझा चार वर्षांचा मुलगा स्वतःच्या टोपलीतून स्वतःचे कपडे नक्की काढू शकतो. चड्डी उलटी घातली तर घालू दे.

रविवारी सगळं धुणं उरकायचं, असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. त्या दिवशी दोनशेच्या आसपास नग निघतात, दांड्या तेवढ्याच. बुधवारपर्यंत घरात तंबू. रोज एक लहान घाणा, आठवड्यातून एक दिवस चादरी आणि त्या दिवशी दुसरं काही नाही, हे मला कायम पुरलं. घाणा रात्री नऊला लावला की दहाला वाळत घालून रात्रभर पंख्याचा वारा मिळतो. तुझ्या सासूबाईंचं म्हणणं की बाळाचे कपडे तिन्हीसांजेनंतर बाहेर ठेवू नयेत. माझ्या सासूबाईंचंही होतं. मी बाळाचे कपडे सकाळी धुऊन संध्याकाळी पाचला आत घ्यायची आणि मोठ्यांचे रात्री टाकायची. दव आणि किडे तरी त्यांना लागले नाहीत, आणि भांडणाचा एक विषय कमी झाला. सगळ्याच गोष्टींवर लढायची ताकद या वर्षात तुझ्याकडे नाही.

आता हा रात्रीचा घाणा कुणाचा? नवऱ्याचा. तू लिहिलंयस की तो ‘सांगितलं की मदत करतो’. मदत नको, काम दे. पूर्ण काम, म्हणजे खिसे तपासून मशीन भरण्यापासून सकाळी टोपल्यांत टाकण्यापर्यंत, आणि पावडर संपत आली हे लक्षात येणंही त्यातच. सांगून करून घेण्यात निम्मं काम सांगणाऱ्याच्या डोक्यातच राहतं. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्यानं २०१९ साली देशभर पाहणी केली होती, कुणाचा दिवस कशात जातो याची. घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात रोजची सरासरी २९९ मिनिटं निघाली, घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. आणि मुळात घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात सव्वीस. मुलांचं करणं यात धरलेलंच नाही, ते वेगळं मोजलं होतं.

पण यातली माझी चूकही सांगते. आमच्या ह्यांनी पहिल्यांदा मशीन लावलं तेव्हा मुलीच्या पांढऱ्या गणवेशाबरोबर लाल पंचा टाकला. गणवेश गुलाबी. मी ते प्रकरण पाहुण्यांना सांगून सांगून हसवलं. त्यानंतर त्यांनी घातलेल्या घड्या मी त्यांच्यासमोरच मोडून पुन्हा घालायची. मग त्यांनी कपड्यांना हात लावणं सोडलं, आणि दहा वर्षं मी त्यांना काही येत नाही म्हणून सगळीकडे तक्रार करत फिरले. तुझ्या नवऱ्यानं हँगर उलटा अडकवला तर अडकवू दे. कपडा तसाही वाळतो.

मावशींचं म्हणशील तर पैसे वाढवायचे असतील तर ते लादीवर न घालता कपड्यांवर घाल. पावसाळ्यात रोज लादी पुसल्यानं दमटपणाच वाढतो. केर मात्र रोज हवा, बाळ जमिनीवर सापडेल ते तोंडात घालतं. त्यांना विचार, लादी एक दिवसाआड आणि त्या वेळात कपडे काढून टोपल्यांत टाकणं जमेल का. ज्यांना जमत नाही त्या स्पष्ट सांगतात. आणि त्यांच्या घरी मूल आजारी असेल त्या दिवशी त्या येणार नाहीत, हे धरूनच बेत कर. ती रजा नाही धरली की आपणच चिडतो.

बाकी घराबद्दल मी फार सांगणार नाही. रात्री झोपताना ओटा रिकामा आणि सकाळच्या डब्याची भाजी निवडलेली असली की माझा दिवस उभा राहायचा, मग बाकी काहीही असो. तुझं दुसरं काही असेल, दाराजवळची चपलांची जागा असेल. अशा दोन गोष्टी निवड. पंख्यावरची धूळ, काचा, कपाटाची वरची फळी यांना धाकटी चालायला लागेपर्यंत रजा.

एक वेगळं विचारते. तू लिहिलंयस की बाळ झोपलं तरी मला झोप लागत नाही आणि खुर्ची बघून रडू येतं. दमल्यामुळे असेल. पण हे रोजचं झालं असेल, कशातच मन लागत नसेल, तर ते कपड्यांचं दुखणं नाही. बाळंतपणानंतरचं नैराश्य पहिल्या वर्षात कधीही डोकं वर काढतं, सातव्या महिन्यातही. बाळाला डोस द्यायला नेशील तेव्हा डॉक्टरांना स्वतःबद्दलही सांग, किंवा १४४१६ या सरकारच्या टेलिमानस क्रमांकावर फोन कर, फुकट आहे. हँगरनं ते बरं होत नाही.

या शनिवारी एवढंच कर. मशीन लावू नकोस. खुर्ची पलंगावर उपडी कर, दमट लागतील ते दांडीवर, कोरडे चार टोपल्यांत, घड्या नकोत. आणि मग खुर्ची त्या खोलीतूनच बाहेर काढ, जेवणाच्या टेबलापाशी ने. जागा दिसली की कपडे पडतात. स्टँड घेणार असशील तर आधी बाल्कनीच्या दाराची रुंदी मोज. माझा पहिला स्टँड दारातून बाहेर गेलाच नाही, आणि दुकानदारानं परत घेतला नाही. अजून माळ्यावर आहे, वर दिवाळीचे आकाशकंदील लटकतात.